तब्येत जास्त आहे

विजय गायधनीला दुसऱ्यांचं भांडण बघवत नसे. नाशिकला असताना सोसायटीच्या पार्किंगवरून दोन बिऱ्हाडं जुंपली तरी हा मध्ये पडायचा, आणि शेवटी दोन्ही बिऱ्हाडं ह्याच्यावरच उलटायची. कतारला येऊन वीस वर्षं होत आली, दुखानच्या तेलक्षेत्रात तो सीनियर इंजिनीअर झाला, डोक्यावरचे केस गेले, पण खोड गेली नाही. बायको शशिकला म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं कंत्राट घेतलंय तुम्ही." पुढे खरोखरच दोन लष्करं एकमेकांना भिडली आणि ते कंत्राट त्याच्या अंगावर आलं.

भिडली ती सुदानात, आणि त्याचा विजयशी संबंध असा की त्याचे कतारातले दोन जिवलग मित्र सुदानी होते. बाबिकर इन्स्ट्रुमेंटवाला, उंच, कमी बोलणारा, रागीट. इद्रीस स्टोअरवाला, गोलमटोल आणि बडबड्या. तिघंही दोह्याजवळ मुऐदरला जवळजवळच्या गल्ल्यांत राहत आणि रोज पहाटे एकाच गाडीतून दुखानला जात. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट वाळू. त्या रस्त्यावर तिघांनी एकमेकांची आयुष्यं तोंडपाठ करून टाकली होती.

बाबिकर आणि इद्रीस ओमदुर्मानच्या एकाच गल्लीतले. बाबिकर जन्मला तेव्हा त्याची आई तापानं अंथरुणाला खिळली होती आणि शेजारच्या बतूलच्या मांडीवर इद्रीस होता. तिनं दोघांनाही पाजलं. आपल्याकडे अशा नात्याचं कौतुक होतं आणि मग लोक विसरतात. त्यांच्या धर्मात तसं नाही. एका अंगावर प्यायलेली मुलं ती सख्खी भावंडं. त्या घरच्या मुलीशी लग्नसुद्धा करता येत नाही. बाबिकर बतूलला 'युम्मा' म्हणायचा, म्हणजे आई. बाकी सगळे तिला हाज्जा म्हणत. तिला खूप उशिरा आणखी एक मुलगा झाला, हामिद. त्याला खांद्यावर बसवून बाजारात नेणारा आणि सायकल शिकवणारा बाबिकरच.

रमजान संपत आला होता आणि खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. गाडीत दोघं गप्प झाले. आधी दोघांचे फोन सतत वाजत, मग वाजेनासे झाले. इद्रीसनं कसंबसं करून हाज्जाला कैरोमार्गे दोह्याला आणलं. बाबिकरचे वडील, निवृत्त शाळामास्तर, घर सोडायला तयार झाले नाहीत. आणि हामिद, बेकार बसलेला हामिद, पगार मिळतो म्हणून त्या निमलष्करी फौजेत शिरला होता.

पुढचं बाबिकरला एका शेजाऱ्यानं सांगितलं. फौजेची माणसं गल्लीत आली तेव्हा कुणाचा मुलगा परदेशात आहे, कुणाच्या घरी गाडी आहे, हे दाखवायला हामिद बरोबर होता. मास्तरांनी दार उघडलं, त्याला ओळखलं आणि म्हणाले, "ये हामिद, आत ये, पाणी पी." कुणीतरी बंदुकीचा दस्ता त्यांच्या डोक्यात घातला. शहरात एकही हॉस्पिटल चालू नव्हतं. मास्तर तिसऱ्या दिवशी गेले.

इद्रीस रडत रडत म्हणाला, "दस्ता हामिदनं नाही मारला. त्याला माहीत नव्हतं असं होईल."

बाबिकर म्हणाला, "दार त्यानं दाखवलं." आणि गाडीतून उतरून गेला. त्या दिवसापासून विजय एकटाच दुखानला जाऊ लागला.

विजयनं काय करायचं बाकी ठेवलं? एकदा दोघांना न सांगता एकाच वेळी जेवायला बोलावलं. बाबिकर दारातून परत गेला, आणि शशिकलानं केलेल्या भाकऱ्या आणि पिठलं इद्रीसनं एकट्यानं, मान खाली घालून खाल्लं. एकदा संक्रांतीला विजय तिळगूळ घेऊन बाबिकरकडे गेला. बाबिकरनं वडी खाल्ली, तीळ आमच्याकडच्या तिळासारखेच आहेत म्हणाला, आणि वर म्हणाला, "विजय, तू चांगला माणूस आहेस. ह्यातून बाहेर हो." विजय बाहेर झाला नाही.

सगळ्यात वाईट झालं ते ऑगस्टात. हाज्जा स्वतः बाबिकरच्या दाराशी गेली. माफी मागायला. त्यानं दार उघडलं नाही. ती म्हातारी बाई भर उन्हात पायरीवर बसली आणि दाराकडे तोंड करून बोलत राहिली. शशिकलाला कुणीतरी फोन केला, ती धावत गेली, तिनं हाज्जाला धरून उठवलं तेव्हा पायरीचा चटका बसून हाज्जाचे तळहात लाल झाले होते. आतून बाबिकर ओरडला तो सगळ्या गल्लीनं ऐकला. "वल्लाही, ही बाई जिवंत आहे तोवर मी हिच्या दारात पाय ठेवणार नाही. हिचं तोंड बघणार नाही."

देवाची शपथ. त्यानंतर बाबिकर मुऐदर सोडून दुखानच्या कंपनी कॉलनीत राहायला गेला. इद्रीसनं दोह्याच्या ऑफिसात बदली करून घेतली.

हे सगळं झालं आणि मग डिसेंबरातली ती दुपार आली. जेवणाची सुट्टी संपत आली होती. शशिकलाचा फोन आला.

"अहो, हाज्जाचं काही खरं नाही आता. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. श्वास बदललाय तिचा."

"तू तिथेच आहेस?"

"मी इथेच आहे सकाळपासून. इद्रीसभाईंना काही सुचत नाहीये. आणि ती सारखी दाराकडे बघतेय. हामिद, बाबिकर, हामिद, बाबिकर, एवढंच चाललंय. बाबिकरभाईंना घेऊन या."

"तो यायचा नाही. शपथ घेतलीय त्यानं."

"मग इतकी वर्षं काय नुसती गाडीच चालवलीत त्यांच्याबरोबर? कसंही करा, पण घेऊन या."

कसंही करा! बायका असं बोलून फोन ठेवतात आणि 'कसंही' म्हणजे कसं, ते पुरुषानं शोधायचं. विजय वर्कशॉपकडे निघाला. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, पाय धरायचे की भांडायचं, सगळं मनात उलटंसुलटं होत होतं. फोनवर बाबिकर ऐकून घेणार नाही, म्हणून तो स्वतः गेला. बाबिकरनं इद्रीसला फोन लावला तर दोन शब्दांत पुन्हा भडका उडेल, म्हणून फोन करू द्यायचा नाही. त्याला स्वतःची गाडी काढू दिली तर अर्ध्या वाटेतून वळेल, म्हणून आपल्याच गाडीत बसवायचं. एवढं त्यानं ठरवलं होतं, आणि सगळं अगदी सरळ मनानं.

बाबिकर एक गेज उघडून बसला होता.

"हाज्जाची तब्येत जास्त आहे," विजय म्हणाला. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलत, मध्ये मध्ये अरबी; आपण मराठीतच ऐकू या. "चल माझ्याबरोबर. फोन वगैरे करत बसू नकोस, वाटेत बोलू. गाडी मी चालवतो." आणि स्वतःसाठी आणलेली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

बाबिकरनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. मग हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच टेबलावर ठेवला.

"दहा मिनिटं दे," तो म्हणाला. "खोलीवर जाऊन कपडे बदलतो."

विजयला खरंच वाटेना. अर्धा तास भांडायची तयारी करून गेलेला माणूस, त्याला भांडावंच लागलं नाही. इतकं सोपं होतं? मग आपण इतके दिवस काय करत होतो? बाबिकर खोलीतून बाहेर आला तो पांढरी स्वच्छ, पायघोळ जलाबिया घालून आणि डोक्याला पांढरं पागोटं बांधून. आजारी आईला भेटायला माणूस नीट कपडे करतो, ह्यात विजयला काही वावगं वाटलं नाही. त्यानं शशिकलाला मेसेज टाकला, 'निघालो, तो येतोय', आणि गाडी हायवेला लावली.

झिक्रीतचा फाटा मागे पडेपर्यंत बाबिकर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. मग थांबला.

"कधी झालं?" त्यानं विचारलं.

"सकाळपासूनच आहे तसं," विजय म्हणाला.

"कबर मिसैमीरलाच मिळाली ना इद्रीसला? कागदपत्रांचं कोण बघतंय?"

विजयचा पाय गॅसवरून उचलला गेला. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला.

सगळं एकदम लख्ख झालं. हे सगळं एकदा घडलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी नाशिकला विजयचा थोरला भाऊ, त्याचा दादा, हार्ट अटॅकनं गेला. शशिकलानं विजयला फोन केलाच नाही. तिनं केला इद्रीसला. "दादा गेले. ह्यांना सांगू नका. तब्येत जास्त आहे एवढंच सांगा आणि घरी घेऊन या. तिकीट मी काढलंय." इद्रीस आणि बाबिकर चक्रावून गेले होते. मेलेल्या माणसाला आजारी म्हणायचं? पण वहिनीनं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी ते इमानेइतबारे केलं. दोघं स्वतः विजयच्या केबिनमध्ये आले. फोन करू दिला नाही. गाडी चालवू दिली नाही. बाबिकरनं पाण्याची बाटली पुढे धरली.

आणि विजय विमानात सगळा वेळ दादाला कुठल्या हॉस्पिटलात हलवायचं ह्याचा विचार करत बसला होता. मुंबईला न्यावं का, तिथे कुणाची ओळख आहे, ऑपरेशन झेपेल का. घराच्या बोळात टॅक्सी वळली आणि दारासमोर चपलांचा ढीग दिसला तेव्हा त्याला कळलं. परत आल्यावर तो दोघांवर ओरडला होता. "तुम्ही मित्र ना माझे? मला का नाही सांगितलंत?" बाबिकर ओशाळून म्हणाला होता, "आम्हाला वाटलं, तुमच्याकडे असंच करतात." तसंच करतात, हे खरंच होतं. विजयनं मात्र त्या दिवशी ठरवलं होतं की आपण हे कुणालाही करायचं नाही.

आणि आज त्यानं जिवंत बाईला मेलेली करून ठेवली होती. तीही एक शब्द खोटा न बोलता!

"बाबिकर," तो म्हणाला.

"थांब, बोलू नको जरा." बाबिकरनं पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. तो रडत होता. वडील गेले तेव्हा विजयनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "मी तिला दारात बसवलं, विजय. ऑगस्टात. मी दाराला पाठ लावून आत बसलो होतो, माझ्या पाठीला तिचा आवाज लागत होता. तुला माहीत आहे ती काय बोलत होती? मला वाटलं होतं हामिदसाठी रडेल. ती मी तान्हा असतानाच्या गोष्टी सांगत होती. मी कसा चावायचो. मला आधी पाजायची आणि मग इद्रीसला, कारण मी परक्याचा. मी परक्याचा म्हणून आधी."

विजयनं मागच्या ट्रकला पुढे जाऊ दिलं.

"मी माफ केलं तिला," बाबिकर खिडकीबाहेर बघत म्हणाला. "हामिदलाही केलं असतं, तिच्यासाठी. पण ती जिवंत होती तोवर तोंडातून शब्द निघाला नाही. आता कुणाला सांगू?"

मला सांग! पाऊण तास थांब आणि तिला सांग! विजयला ओरडावंसं वाटलं. मग दुसरा विचार आला आणि तो फार मोहाचा होता. काही बोलायचंच कशाला? पाऊण तासाचा रस्ता उरलाय. नुसतं गप्प बसायचं. तो घरात शिरेल, बघेल, ती जिवंत असेल, आणि ह्या क्षणी त्याच्या तोंडातून जे निघतंय तेच तिच्यापुढे निघेल. शशिकला म्हणालीच होती, कसंही करा. नसरानियाचा फाटा गेला. विजयनं गाडी एकशेवीसवर नेली, मग शंभरवर आणली, मग पुन्हा वाढवली. एसी थंड केला, बंद केला. फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. न जाणो, तिथं खरंच काही झालं असलं तर? मग तर हे सगळं खरंच ठरेल आणि सांगायचा प्रश्नच उरणार नाही. असं मनात आलं म्हणून त्याला स्वतःची किळस वाटली.

आणि त्यातच त्याला शावर्मा आठवला. असल्या वेळी माणसाला काय आठवावं ह्याला काही नियम नाही. एकदा प्लँट बंद ठेवून मोठं काम चाललं होतं, दिवसरात्र ड्यूटी, तारखांचा पत्ता नाही. कुणीतरी सगळ्यांसाठी चिकनचे शावर्मा आणले. विजय एरवी बाहेर सगळं खायचा, पण संकष्टी मोडायचा नाही. आईला शब्द दिला होता. भुकेला होता, शावर्मा तोंडाशी नेला आणि बाबिकरनं खसकन हातातून ओढून घेतला. "आज तुझी चतुर्थी आहे. चंद्र अजून उगवायचाय." त्यानं मित्राच्या उपासाचे दिवस आपल्या फोनमध्ये घालून ठेवले होते. विजयचा देव त्याचा देव नव्हता. विजयनं दिलेला शब्द मात्र त्यानं सांभाळला होता.

त्या माणसाची शपथ आपण त्याला अंधारात ठेवून मोडणार. तीही त्याच्या देवाच्या नावानं घेतलेली.

शहानियाच्या अलीकडच्या पंपावर विजयनं गाडी आत घेतली आणि बंद केली.

"पेट्रोल आहे की," बाबिकर म्हणाला.

"हाज्जा जिवंत आहे."

बाबिकरनं मान वळवली.

"मी तब्येत म्हणालो ते खरंच तब्येतच. श्वास चालू आहे. डॉक्टर म्हणाले आजचा दिवस जेमतेम. ती तुझं नाव घेतेय. तुला काय वाटलं ते मला झिक्रीतच्या पुढे कळलं, आणि तरी मी इतका वेळ गप्प बसलो. तू म्हणशील तर इथून वळतो, दुखानला सोडतो तुला."

बाबिकरचा चेहरा आधी उजळला, हे विजयनं स्वच्छ पाहिलं, आणि मग त्यावर दार लावल्यासारखं झालं. तो खाली उतरला. विजयला वाटलं, आता टॅक्सी करेल. तो पंपाच्या मागच्या छोट्या मशिदीकडे गेला. दुपारच्या नमाजाची, अस्रची अजान नुकतीच संपली होती.

विजय गाडीभोवती फेऱ्या मारू लागला. शशिकलाला फोन लावला. "आहे अजून," ती म्हणाली, "पण लवकर या हो." विजयनं चहा घेतला आणि तसाच टाकून दिला. गणपतीचं नाव घ्यावं म्हटलं तर अथर्वशीर्षाची दुसरी ओळच आठवेना. नमाज पढून लोक बाहेर आले, ट्रकवाले, दोन कतारी म्हातारे, पंपावरची पोरं. बाबिकर आला नाही. विजयनं मशिदीच्या दारापर्यंत जाऊन आत डोकावलं. तो एकटाच भिंतीशी बसला होता. विजय पुन्हा गाडीपाशी आला.

शेवटी तो आला आणि हात पुढे केला. "किल्ली."

विजयनं किल्ली दिली. दुसरं काय करणार? बाबिकर स्टिअरिंगवर बसला आणि गाडी काढली. थोड्याच अंतरावर उलट वळायचा पूल होता. विजयनं त्या पुलाच्या पाटीकडे पाहिलं आणि मग पाहवेना म्हणून पायांकडे पाहत बसला. गाडी डाव्या-उजव्या कुठल्याच लेनला गेली नाही. वर पाहिलं तेव्हा पूल मागे गेला होता.

"शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण घालावं लागतं," बाबिकर म्हणाला. "शुक्रवारी. डाळभात तुझ्या घरचा."

"घालू."

"वहिनीनं केलेला. तू केलास तर गरीब मला शिव्या देतील."

विजय हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसू नकोस," बाबिकरचा आवाज कडक झाला. "मी तिला बघायला जातोय. बस. मगाशी जे बोललो ते मेलेल्या बाईशी बोललो. जिवंत माणसांसाठी ते नाही. इद्रीसशी मी बोलणार नाही आणि हामिदचं नाव कुणी काढायचं नाही. ते सगळं मी परत घेतलंय. समजलं?"

"समजलं," विजय म्हणाला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं चक्क तोंड बंद ठेवलं.

मुऐदरच्या त्या घराचं दार उघडंच होतं. इद्रीस दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, निम्म्यानं वाळलेला. बाबिकरला बघून त्याचे ओठ हलले. बाबिकर त्याच्या अंगावरून आत गेला. उंबऱ्यावर मात्र क्षणभर थांबला, आणि मग पाय उचलून आत टाकला.

हाज्जा खोलीत खाटेवर होती. इतकीशी. शशिकला उशाशी बसून चमच्यानं तिच्या ओठांत मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी सोडत होती. बाटली इद्रीसनं दिली होती; असं पाणी कसं सोडायचं ते शशिकलाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाबिकरला बघून ती उठली आणि जागा करून दिली.

हाज्जानं डोळे उघडले. पडद्यातून आलेल्या उन्हात तिला दारातली पांढरी जलाबिया दिसली आणि तिचा चेहरा एकदम हलला.

"हामिद?" ती म्हणाली.

इद्रीस पुढे झाला. "नाही युम्मा, हा..."

बाबिकरनं हात वर केला. इद्रीस थांबला. बाबिकर खाली गुडघ्यावर बसला आणि हाज्जाचा हात त्यानं हातात घेतला. आता तोंड जवळ आलं होतं, तरी तिला ओळखू येत नव्हतं. किंवा तिला जो हवा होता तोच ती बघत होती.

"हामिद, तू बाबिकरच्या दाराशी गेलास का?"

विजयला त्यांची अरबी अर्धीमुर्धीच कळायची, पण हे सगळं कळलं. विजयला वाटलं, बाबिकर आता उठेल आणि निघून जाईल, आणि गेला तरी त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. ज्यानं बापाच्या मारेकऱ्यांना घराचं दार दाखवलं, त्याच्या तोंडानं बोलायचं? कुणी कुणाकडे इतकं मागू नये. शशिकलानं विजयचं मनगट घट्ट धरलं होतं.

"गेलो होतो, युम्मा," बाबिकर म्हणाला.

"दार उघडलं त्यानं?"

"उघडलं."

"काय म्हणाला?"

बाबिकरनं मान वर करून इद्रीसकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग पुन्हा तिच्याकडे वळला.

"म्हणाला, ये हामिद. आत ये. पाणी पी."

हे शब्द कुणाचे होते ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. इद्रीसनं भिंतीला डोकं लावलं.

"प्यायलास?" हाज्जानं विचारलं.

"प्यायलो."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि त्याचा हात न सोडता डोळे मिटले. थोड्या वेळानं शशिकलानं तिच्या नाकाशी बोट धरलं, आणि विजयकडे बघून मान हलवली.

सूर्यास्ताला, मगरिबच्या सुमारास शेजारपाजारचे सुदानी जमू लागले, बायका आत आल्या, पुरुष बाहेर गल्लीत खुर्च्या टाकू लागले. दाराशी चपलांचा ढीग झाला. बाबिकर पायरीवर बसला होता, विजय त्याच्याशेजारी. काही बोलायचं विजयच्या फार ओठांवर येत होतं आणि त्यानं ते गिळलं. उभ्या जन्मात त्यानं हे काही फार वेळा केलं नव्हतं.

इद्रीस आतून फोन घेऊन आला आणि पायरीपासून जरा अंतर राखून उभा राहिला. कुणाशी बोलू, अशा चेहऱ्यानं विजयकडे पाहत म्हणाला, "हामिदला कळवायला हवं. चाडच्या सीमेवर कुठेतरी आहे, पळून आलाय त्यांच्यातून. एकटाच आहे. काय सांगू? आजारी आहे म्हणू का आधी?"

विजय काही बोलायच्या आत बाबिकर म्हणाला, "नाही. तब्येत-बिब्येत काही सांगू नकोस. सरळ सांग, गेली म्हणून."

इद्रीसनं मान हलवली. त्याला नंबर सापडेना.

"आणि हेही सांग," बाबिकर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मी तिला सांगितलंय की तो माझ्या दाराशी येऊन गेला. मेलेल्या बाईपुढे मला खोटं ठरायचं नाही. त्याला म्हणावं, आता यावं लागेल."

इद्रीसनं फोन कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. बाबिकर पायरीवर थोडा बाजूला सरकला आणि इद्रीस त्या जागेवर येऊन बसला.